मामा तलावांवर प्रबंध लिहायचा आहे? आधी साहित्याचा आढावा असा घ्या

साकोली, अर्जुनी मोरगाव, सिंदेवाही किंवा आरमोरीच्या कॉलेजातून एम.ए.चा लघुप्रबंध किंवा पीएच.डी. करणाऱ्यांची गाडी बहुधा दुसऱ्या प्रकरणात रुतते. पहिलं प्रकरण प्रस्तावनेचं असतं, ते लिहून होतं. तिसऱ्यात प्रश्नावली आणि नमुना निवड येते, त्यात गाईड मदत करतात. मधलं ‘संबंधित साहित्याचा आढावा’ मात्र शेवटच्या महिन्यात घाईघाईने उभं केलं जातं. कोणी काय लिहिलं याचे वीस-पंचवीस परिच्छेद एकाखाली एक येतात आणि त्यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आढाव्याने चार गोष्टी सांगायच्या असतात. या प्रश्नाबद्दल आजवर काय कळलं आहे, ते कोणत्या पद्धतीने कळलं, अभ्यासकांचं कुठे पटत नाही आणि तुमचा अभ्यास त्यात कुठे बसतो. हे काम सिनॉप्सिसच्या (संशोधनाच्या आराखड्याच्या) आधी सुरू झालं तर प्रश्नच सुधारतो. नंतर केलं तर ते नुसती पानं भरण्यासाठी उरतं.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे, पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलावांचं. मालगुजार म्हणजे इंग्रजी काळात गावाचा महसूल गोळा करणारे जमीनदार, आणि हे तलाव त्यांच्या ताब्यात होते. विषय ओळखीचा आहे आणि आढावा घेताना जेवढ्या अडचणी येऊ शकतात त्या सगळ्या त्यात आहेत. तुमचा विषय कापूस, मोहफूल, आश्रमशाळा किंवा झाडीपट्टी रंगभूमी असला तरी रीत हीच.

प्रश्न बांधून घ्या

‘भंडारा जिल्ह्यातील सिंचनाचा अभ्यास’ हे शीर्षक आहे, प्रश्न नाही. यावर शोध घ्यायला बसलात तर हजारो नोंदी येतील आणि कोणती सोडायची ते कळणार नाही. प्रश्नात चार गोष्टी पक्क्या हव्यात: काय, कुठे, कोणाचं आणि केव्हापासून केव्हापर्यंत. उदाहरणार्थ: ‘मालगुजारी संपल्यानंतर भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या तलावांची देखभाल कोणाकडे गेली आणि त्याचा मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांवर काय परिणाम झाला?’ आता काय वाचायचं आणि काय बाजूला ठेवायचं हे प्रश्नच सांगतो. धानाच्या नव्या वाणांवरचा उत्तम शोधनिबंध समोर आला तरी तो तुमचा नाही, हे लगेच ठरवता येतं.

प्रश्नाखाली मर्यादा लिहून काढा. कोणत्या सालापासूनचं साहित्य घेणार, मराठी, हिंदी, इंग्रजीपैकी कोणत्या भाषा घेणार, दुसऱ्या राज्यांतले अभ्यास घेणार का. मर्यादा नंतर बदलल्या तरी हरकत नाही. बदलाची तारीख आणि कारण मात्र टिपून ठेवा, कारण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) ‘हे का सोडलं?’ असं हमखास विचारतात.

शब्दांची यादी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

‘माझ्या विषयावर काहीच सापडत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा दहापैकी सात-आठ वेळा साहित्य असतं, शोधणाऱ्याचा शब्द चुकलेला असतो. म्हणून संगणकासमोर बसण्याआधी एका कागदावर शब्दांची कुळं मांडा.

पहिलं कुळ वस्तूचं. आपण मामा तलाव म्हणतो, शासकीय कागदात ‘माजी मालगुजारी तलाव’ येतं, लहान असेल तर बोडी. इंग्रजीत नुसतं ‘टँक’ टाकलं की सेप्टिक टँकपासून रणगाड्यापर्यंत सगळं येतं. म्हणून ‘टँक इरिगेशन’, ‘व्हिलेज टँक’, ‘स्मॉल वॉटर बॉडीज’, ‘ट्रॅडिशनल वॉटर हार्वेस्टिंग’ असे जोडशब्द अवतरणचिन्हांत घालून शोधा. अवतरणचिन्हांमुळे ते शब्द त्याच क्रमाने असलेली पानंच समोर येतात. मालगुजारी हा शब्द इंग्रजी अक्षरांत कोणी ‘झेड’ घालून लिहितो, कोणी ‘जे’ घालून. दोन्ही स्पेलिंगं शोधली नाहीत तर साहित्याचा मोठा भाग दिसतच नाही. ढिवर आणि कोहळी या समाजांच्या नावांचंही तसंच आहे. त्यांची तीन-चार स्पेलिंगं लिहून ठेवा.

दुसरं कुळ जागेचं, आणि विदर्भात ते फार फसवं आहे. १९५६ पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात नव्हता. इंग्रजी काळातलं साहित्य ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ या नावाखाली मिळतं, आणि वऱ्हाड त्याला १९०३ साली जोडल्यावर ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ या नावाखाली. १९५० ते १९५६ मधले अहवाल ‘मध्य प्रदेश’ म्हणून नोंदलेले असतात, कारण तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यानंतर १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्य. म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीत ‘महाराष्ट्र’ या शब्दाखाली शोधणाऱ्याला १९५० च्या आसपासचा मालगुजारी निर्मूलनाचा कायदा आणि त्यावरची चर्चा सापडणारच नाही. चंद्रपूर जुन्या कागदांत ‘चांदा’ आहे. यवतमाळ आणि अमरावतीची जुनी इंग्रजी स्पेलिंगं ‘येओतमल’, ‘अमराओती’ अशी वाचली जातात.

जिल्ह्यांच्या हद्दींचाही घोळ इथेच सोडवा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला आणि गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. १९९१ च्या जनगणनेतला भंडारा आणि २००१ च्या जनगणनेतला भंडारा हे दोन वेगळे भूभाग आहेत. एखाद्या निबंधात ‘दहा वर्षांत जिल्ह्यातले तलाव निम्म्यावर आले’ असं वाचलंत तर आधी हे तपासा की तलाव खरंच बुजले की गोंदियाच्या हिशेबात गेले. हे न तपासता ती ओळ आपल्या प्रबंधात उतरवली की चूक पुढच्या विद्यार्थ्याकडे वारशाने जाते.

तिसरं कुळ हक्कांचं आणि कायद्याचं: मालगुजारी, निस्तार (गावकऱ्यांचे पाणी, चराई, जंगल वापरण्याचे हक्क), निस्तार पत्रक (त्या हक्कांची नोंद), मासेमारीचा ठेका, मच्छीमार सहकारी संस्था, पाणी वापर संस्था. चौथं कुळ संकल्पनांचं, आणि ते बहुतेक जण विसरतात. तलाव हे गावाचं सामायिक संसाधन आहे आणि सामायिक संसाधनं लोक कशी सांभाळतात यावर जगभर लिहिलं गेलं आहे. याच कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला. तमिळनाडूतल्या ‘एरी’ आणि कर्नाटकातल्या ‘केरे’ म्हणजे आपल्यासारखेच पाळ बांधून अडवलेले तलाव. त्यांच्यावर झालेले अभ्यास वाचले की आपल्याकडच्या अभ्यासांत कोणता प्रश्न विचारलाच गेला नाही ते दिसू लागतं.

कुठे शोधायचं

सुरुवात गुगल स्कॉलरपासून करा. ते फुकट आहे आणि मोबाईलवर चालतं. त्यात एक खाच आहे. ‘तारखेनुसार लावा’ हा पर्याय निवडला की फक्त गेल्या वर्षभरात जोडलेले लेख दिसतात. अनेकांना वाटतं की विषयावर एवढंच आहे. अलीकडचं हवं असेल तर त्याऐवजी वर्षाची मर्यादा टाका. दोन शब्दांपैकी कोणताही चालणार असेल तर मध्ये इंग्रजी ‘ऑर’ मोठ्या अक्षरांत लिहा. नको असलेल्या शब्दाआधी वजाबाकीची खूण लावा.

प्रत्येक नोंदीखाली ‘सायटेड बाय’ असतं. त्यावर टिचकी मारली की त्या लेखाचा आधार नंतर कोणी कोणी घेतला ते दिसतं. एक चांगला लेख सापडला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जायचं आणि ‘सायटेड बाय’मधून पुढे यायचं. आपल्यासारख्या स्थानिक विषयांना शब्दांनी केलेल्या शोधापेक्षा ही वाट जास्त देते, कारण लिहिणारे थोडे असतात आणि ते एकमेकांना ओळखतात.

लेख विकत मागत असेल तर पैसे भरू नका. नोंदीखाली ‘ऑल व्हर्जन्स’ असतं, तिथे पुष्कळदा लेखकाने किंवा त्याच्या संस्थेने ठेवलेली मोफत प्रत निघते. अनपेवॉल हे ब्राउझरला जोडायचं मोफत साधनही तेच काम करतं. तरी नाही मिळाला तर लेखकाला ईमेल करा: विषय, कॉलेज आणि कोणता लेख हवा, एवढ्या तीन ओळी पुरतात. पुष्कळ जण आनंदाने पाठवतात.

कॉलेजच्या ग्रंथपालांना दोन गोष्टी विचारा. पहिली, कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेचं) सभासद आहे का. असेल तर त्यांच्याकडून आपल्या नावाचा लॉगिन घ्या, म्हणजे हजारो नियतकालिकं घरबसल्या उघडतात. तालुक्याच्या कॉलेजांत ही वर्गणी भरलेली असते आणि वर्षभरात मोजके विद्यार्थी ती वापरतात, हे फार वाईट आहे. दुसरी, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेचा लाभ संस्थेला आहे का. पहिल्या टप्प्यात ती योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. खासगी संस्थेच्या कॉलेजात शिकत असाल तर तुमच्या विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयातून ती मिळते का ते पाहा.

प्रबंधांसाठी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचं मोफत ऑनलाइन भांडार. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना विद्यापीठांतले मराठी विषय शोधताना शीर्षक देवनागरीतही टाका आणि इंग्रजी अक्षरांतही. प्रबंध तिथे प्रकरणवार फायलींत असतो, त्यामुळे नेट कमी असेल तर फक्त दुसरं प्रकरण आणि संदर्भसूची उतरवून घ्या. शेतीशी जोडलेला विषय असेल तर कृषिकोश पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासह देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध त्यात आहेत.

आता जे नियतकालिकांत छापलं जात नाही त्याबद्दल. शासन निर्णय, समित्यांचे अहवाल, गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारी सरकारी पुस्तकं), संस्थांचे अहवाल. मामा तलावांसारख्या विषयाचा निम्मा ऐवज इथे असतो. विदर्भाच्या अनुशेषावर लिहिणाऱ्याला १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल टाळता येत नाही. तलावांवर लिहिणाऱ्याला २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली देशातली पहिली जलसाठ्यांची गणना पाहावीच लागते. त्या गणनेत देशभरात २४,२४,५४० जलसाठे नोंदले आहेत. पण त्यात शेततळीही येतात आणि पाझर तलावही. म्हणून आकडा उचलण्याआधी व्याख्येचं पान वाचा.

शासन निर्णयाचा संदर्भ देताना विभाग, क्रमांक, तारीख आणि संकेतांक चारही टिपा. नुसतं ‘शासन निर्णय, २०१७’ लिहिलं तर तो कोणालाच परत शोधता येत नाही.

भंडारा जिल्ह्याचं १९०८ चं इंग्रजी गॅझेटियर आणि त्या मालिकेतली इतर जिल्ह्यांची पुस्तकं स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवलेली आहेत. फायली जड असतात, म्हणून कॉलेजच्या वायफायवर उतरवा. जुन्या छपाईतली अक्षरं संगणकाला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे फाईलमध्ये शब्द टाकून शोधला आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तर विश्वास ठेवू नका. पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची उघडून पान काढा. शिवाय ही पुस्तकं महसूल वसूल करणाऱ्या सरकारने आपल्या सोयीसाठी लिहवून घेतली होती. तलाव कोणी बांधला हे त्यात सापडेल. पाळीवर माती टाकणाऱ्या मजुराला काय मिळालं, हे बहुधा सापडणार नाही.

नागपूरला किमान दोन फेऱ्या ठरवून करा. विद्यापीठाचं ग्रंथालय, विदर्भ संशोधन मंडळ आणि राज्य पुराभिलेख विभागाचं नागपूरचं कार्यालय, या तीन जागा. जाण्याआधी फोन करून वेळा विचारा. गाईडचं सही-शिक्क्याचं पत्र, कॉलेजचं ओळखपत्र, दोन फोटो आणि काय पाहायचं त्याची यादी सोबत घ्या. यादीविना गेलात तर पहिला दिवस सूची चाळण्यातच संपतो आणि संध्याकाळच्या एसटीने हात हलवत परत यावं लागतं. फोटो काढायची परवानगी असेल तर प्रत्येक कागदाच्या आधी त्याच्या फाईलच्या मुखपृष्ठाचा फोटो घ्या. घरी आल्यावर कोणतं पान कोणत्या फाईलचं ते आठवत नाही.

शोधाची वही

एका वहीत किंवा गुगल शीटमध्ये प्रत्येक शोधाची एक ओळ लिहा: तारीख, कुठे शोधलं, नेमके कोणते शब्द टाकले, वर्षांची मर्यादा, किती नोंदी आल्या, किती ठेवल्या. ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो. ही वही नसेल तर तीन महिन्यांनी तेच शब्द पुन्हा टाकून तेच लेख पुन्हा उतरवले जातात. पद्धतीच्या प्रकरणात ‘साहित्य कसं निवडलं’ हे सांगायलाही मग काही हाती नसतं. आरोग्य किंवा शिक्षण विषयात पद्धतशीर आढावा करत असाल तर ही नोंद सक्तीचीच आहे. त्यासाठी २०२० ची प्रिझ्मा ही २७ मुद्द्यांची तपासणी यादी वापरतात.

चाळणी

पीएच.डी.च्या विषयाला पहिल्या शोधात तीनशे-चारशे शीर्षकं जमणं नेहमीचं आहे. ती सगळी वाचायची नसतात. शीर्षकं पाहून शंभर-सव्वाशे ठेवा, त्यांचे सारांश वाचून पन्नास-साठ ठेवा आणि तेवढेच पूर्ण वाचा. एम.ए.च्या लघुप्रबंधाला वीस-पंचवीस नीट वाचलेले लेख पुरे. वगळलेल्या प्रत्येकापुढे दोन शब्दांत कारण लिहा: ‘दुसरा विषय’, ‘फक्त तांत्रिक’, ‘तोच अभ्यास दुसऱ्या नावाने’. हे शेवटचं कारण वरचेवर लागेल. एकच सर्वेक्षण आधी प्रबंधात, मग दोन नियतकालिकांत आणि मग परिषदेच्या पुस्तकात छापलेलं असतं. तो एकच पुरावा आहे, चार नव्हेत.

कोणत्या नियतकालिकावर विश्वास ठेवायचा? यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) केअर ही मान्य नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे यादीत नाव आहे म्हणून चांगलं, हा सोपा मार्ग आता राहिला नाही. तो तसाही पुरेसा नव्हता. लेखच उघडून पाहा. नमुना कसा निवडला ते लिहिलं आहे का? टक्केवारीची बेरीज शंभर होते का? निष्कर्षात जे म्हटलंय ते तक्त्यांतून निघतं का, की आधीच ठरलेलं शेवटी चिकटवलं आहे? ‘१०० शेतकऱ्यांचा अभ्यास’ असेल तर ते शंभर कसे निवडले? डांबरी रस्त्यावरच्या गावांतले, सरपंचाने बोलावलेले, की यादीतून काढलेले? तलावाचं सर्वेक्षण ऑक्टोबरात केलं की मे महिन्यात, यावर अर्धं उत्तर अवलंबून असतं. एखाद्या योजनेचं मूल्यमापन योजना राबवणाऱ्यानेच केलं असेल तर ते वाचा, वापरा, पण तसं स्पष्ट लिहा.

वाचन आणि तक्ता

लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ वाचू नका. आधी सारांश आणि निष्कर्ष, मग तक्ते, मग पद्धत. इथवर आल्यावर लेख कामाचा वाटला तरच सबंध वाचा. इंग्रजी जड जात असेल तर पहिले दहा लेख हळू जातील, त्यानंतर त्या विषयाचे शब्द ओळखीचे होतात. दिवसाला दोन-तीन लेखांच्या वर जाऊ नका, टिपणं पातळ होतात.

टिपणं तक्त्यात घ्या. स्तंभ असे: लेखक व वर्ष, प्रश्न, जागा, काळ, पद्धत व नमुना, मुख्य निष्कर्ष पान क्रमांकासह, कमकुवत बाजू आणि ‘माझ्या प्रश्नाला काय देतो’. शेवटचा स्तंभ रिकामा राहत असेल तर तो लेख यादीतून काढा, कितीही मोठ्या नावाचा असला तरी. पन्नास ओळी भरल्या की तक्ता आडवा न वाचता उभा वाचा. पद्धतीचा स्तंभ वरून खाली वाचताना दिसेल की जवळजवळ सगळ्यांनी पुरुष कुटुंबप्रमुखांशीच बोलून सर्वेक्षण केलं आहे, किंवा सगळे अभ्यास नवेगावबांधसारख्या मोठ्या तलावांभोवती आहेत आणि बोड्यांकडे कोणी गेलंच नाही. आढाव्यातला सगळ्यात मोलाचा भाग या उभ्या वाचनातून निघतो.

टिपणात लेखकाचे शब्द आणि तुमचे शब्द वेगळे ठेवा. त्याची वाक्यं जशीच्या तशी घेतली तर लगेच अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक. वहीत लिहीत असाल तर दोन रंगांची शाई वापरा. सहा महिन्यांनी टिपण उघडल्यावर कोणतं वाक्य कोणाचं ते सांगता येत नाही, आणि न कळत होणारी वाङ्मयचोरी बहुतेक वेळा इथेच होते.

संदर्भ सांभाळायला झोटेरो वापरा. मोफत आहे, ब्राउझरमधून नोंद एका टिचकीत घेतं आणि वर्डमध्ये संदर्भसूची स्वतः तयार करतं. त्याची ऑनलाइन मोफत जागा ३०० एमबीच आहे, म्हणून फायली संगणकावर ठेवा आणि आठवड्याला पेनड्राइव्हवर प्रत घ्या. मराठी पुस्तकांच्या नोंदी हाताने भराव्या लागतात. शक वर्ष छापलेलं असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढा. अंक जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या दरम्यानचा असेल तर ७९ मिळवा.

‘या तालुक्यात अभ्यास झालेला नाही’

संशोधनातली पोकळी दाखवताना हे वाक्य आपल्याकडच्या पुष्कळ प्रबंधांत असतं आणि परीक्षक त्यावर हटकून बोट ठेवतात. लाखांदूर तालुक्यात कोणी अभ्यास केला नाही, हे खरं असेल. पण शेजारच्या पवनी तालुक्यापेक्षा तिथे वेगळं काय निघणार, हे सांगता आलं नाही तर ती पोकळी नव्हे. जागा वेगळी असण्याला कारण हवं. मालगुजारी नागपूर प्रांताच्या जिल्ह्यांत होती, वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सरकारला थेट सारा भरत. त्यामुळे तलावांची मालकी आणि ती हातातून जाण्याची कहाणी दोन्हीकडे सारखी असूच शकत नाही. असा फरक जिथे जागेचं महत्त्व ठरवतो, तिथे जागेची पोकळी खरी.

इतर पोकळ्या तक्त्याच्या उभ्या वाचनातून येतात. दोन अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांविरुद्ध आहेत आणि कारण कोणी शोधलेलं नाही. सगळ्यांनी सिंचन मोजलं, मासे कोणी मोजले नाहीत. सगळा पुरावा जुना आहे आणि मधल्या काळात गाळ काढण्याच्या योजना येऊन गेल्या. यातली एकच पोकळी निवडा आणि ती भरणं तुमच्या वेळेत आणि पैशात बसतं का ते गाईडशी बोलून ठरवा.

लिहायला बसल्यावर

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका लेखकाला एक परिच्छेद: ‘अमुक (२००८) यांनी अभ्यास केला. त्यात १२० शेतकरी घेतले. निष्कर्ष असा आला.’ पुढचा परिच्छेद ‘तमुक (२०११) यांनी’. ही यादी झाली. परिच्छेद मुद्द्याचा असावा, लेखक त्यात पुरावा म्हणून यावेत. नमुना असा:

‘देखभाल का ढासळली याची दोन स्पष्टीकरणं दिली जातात. काही अभ्यासक मालकी शासनाकडे गेल्यावर गावाची जबाबदारी संपली असं दाखवतात (अ, ब). दुसऱ्यांच्या मते मालगुजारीच्या काळातही देखभाल वेठीच्या श्रमावर चालत होती आणि ते श्रम थांबणं हेच खरं कारण आहे (क). पहिल्या गटाचा पुरावा शासकीय नोंदींचा आहे, दुसऱ्याचा मुलाखतींचा. दोन्ही प्रकारचा पुरावा एकाच गावातून गोळा केलेला अभ्यास आढळला नाही.’

पाच वाक्यांत वाद, पुराव्याचा प्रकार आणि पोकळी तिन्ही आले. शेवटचं वाक्य ‘आढळला नाही’ असं आहे, ‘नाही’ असं नाही. शोधाच्या वहीवर उभं राहून तेवढंच म्हणता येतं.

क्रियापदं जपून वापरा. ‘सिद्ध केलं’ हा शब्द समाजशास्त्रात जवळजवळ कधीच वापरू नये. आकड्यांतून निघालं असेल तर ‘दाखवतात’, थोड्या मुलाखतींवरून म्हटलं असेल तर ‘सुचवतात’, पुराव्याविना म्हटलं असेल तर ‘मानतात’. प्रत्येक ठिकाणी ‘म्हणतात’ लिहिलं तर सर्वांचं वजन सारखं होतं आणि तुम्ही तोललं की नाही ते वाचणाऱ्याला कळत नाही.

मुद्द्यांचा क्रम रुंदाकडून अरुंदाकडे ठेवा. आधी सामायिक संसाधनांवरचं लेखन, मग भारतातले तलाव, मग पूर्व विदर्भ आणि शेवटी तुमचा प्रश्न. पहिल्या भागावर जास्त पानं घालवू नका. एम.ए.ला पंधरा-वीस पानं आणि पीएच.डी.ला चाळीस-पन्नास पानं हा साधारण अंदाज, तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा असेल तर तो पाळा.

उसनवारी आणि एआय

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. १० ते ४० मध्ये प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये एक वर्षापर्यंत सादर करायला मनाई होते आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर आणि संदर्भसूची यांची मोजणी होत नाही. इंग्रजी लेखाचा परिच्छेद मराठीत भाषांतर करून विनासंदर्भ घातला तर सॉफ्टवेअर तो बहुधा पकडणार नाही. तरी ती चोरीच आहे, आणि विषय जाणणारा परीक्षक ती ओळखतो.

दुसऱ्याच्या प्रबंधातून संदर्भ उचलायचा असेल तर मूळ लेख उघडा. मूळ मिळालाच नाही तर ‘अमुक यांच्या प्रबंधात उद्धृत’ असं प्रामाणिकपणे लिहा. चुकीचं वर्ष आणि चुकीचं पान एका प्रबंधातून दुसऱ्यात असंच फिरत राहतं.

एआयकडून शब्दांची कुळं वाढवून घेणं किंवा अवघड इंग्रजी परिच्छेद समजून घेणं ठीक आहे. संदर्भ मागू नका. ते अस्तित्वात नसलेले लेख, खऱ्या वाटणाऱ्या नावांनी आणि वर्षांनी, सहज तयार करून देतं. कोणत्याही यादीतला संदर्भ तुमच्या डोळ्यांसमोर उघडला गेला नसेल तर तो सूचीत जात नाही, हा नियम मोडू नका.

कधी थांबायचं

नवा लेख उघडला आणि त्याच्या संदर्भसूचीतली बहुतेक नावं आधीच तुमच्या तक्त्यात आहेत, असं सलग चार-पाच वेळा झालं की शोध थांबवा. सुरुवातीपासून इथवर यायला, रोज दोन-तीन तास दिले तर, साधारण तीन महिने लागतात. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत घरच्या बांधीत हात लावावा लागतो, तो वेळ आधीच वजा करा.

त्यानंतर गुगल स्कॉलरवर तुमच्या तीन मुख्य शब्दजोड्यांचे अलर्ट लावून ठेवा, म्हणजे नवं काही आलं की ईमेल येईल. प्रबंध सादर करण्याआधी महिनाभर शोधाची वही काढा, त्याच जागी तेच शब्द पुन्हा टाका आणि मधल्या काळात काय नवं आलं ते पाहा. दोन-चार लेख निघतातच. ते योग्य मुद्द्याखाली बसवा आणि वहीत त्या दिवसाची तारीख लिहा. व्हायव्हाला जाताना ही वही आणि तक्त्याची छापील प्रत सोबत असू द्या.